ढग चुकवीत किल्पिसयार्वीपर्यंत

उत्तर नॉर्वेतल्या त्रोम्सोला निघण्यापूर्वी तीन आठवडे मी मोबाइलवर रोज एकच आकडा पाहत होते. केपी नावाचा हा निर्देशांक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ 0 ते 9 या मोजपट्टीवर दर तीन तासांसाठी सांगतो, आणि तो 5 च्या वर गेला तरच ध्रुवीय प्रकाश, म्हणजे रात्रीच्या आकाशात उमटणारे रंगीत पडदे, दिसतो, एरवी आशा सोडावी, अशी माझी पक्की समजूत झाली होती. सहलीची आखणी ऑस्लोत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने केली होती आणि ती माझ्या या रोजच्या चौकशीला पुरती कंटाळली होती.

ही समजूत चुकीची का होती, ते तिथे गेल्यावर कळले. उत्तर चुंबकीय ध्रुवाभोवती ध्रुवीय प्रकाशाचे एक लंबवर्तुळाकार कडे जवळजवळ कायम असते. सूर्य खवळला की ते रुंदावते आणि दक्षिणेकडे सरकते. लंडन किंवा बर्लिनमध्ये राहणाऱ्या माणसाला म्हणूनच मोठ्या केपीची वाट पाहावी लागते. त्रोम्सो मात्र उत्तर अक्षांश 69.6 वर, म्हणजे नेमके त्या कड्याखाली आहे; तिथे केपी 1 किंवा 2 असतानाही आकाशात प्रकाश असू शकतो. तो आपल्याला दिसेल की नाही हे ठरते ढगांवर, आणि ढगांच्या बाबतीत त्रोम्सो मोठे लहरी गाव आहे. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे इथला समुद्र गोठत नाही, फेब्रुवारीतही पारा पुष्कळदा शून्याखाली चार-पाच अंशांवरच रेंगाळतो, पण त्याच समुद्रावरून येणारी दमट हवा गावाभोवतीच्या डोंगरांवर ढग आणि हिमवर्षाव घेऊन येते.

पहिल्या रात्रीने याचा धडा दिला. आम्ही स्वस्तातली सहल निवडली होती. पन्नासेक माणसांची मोठी बस ठरलेल्या जागी गेली, तिथे ठरलेला चहा मिळाला आणि ठरलेल्या वेळी ती परत आली. या चार तासांत आकाशात एकही तारा दिसला नाही. सोबतच्या वाटाड्या मुलाला मी विचारले की दुसरीकडे का जात नाही, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले की बसचा मार्ग सकाळीच ठरतो. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. पण आधीच ठरवलेल्या जागी आकाश मोकळे मिळणे हा निव्वळ नशिबाचा भाग आहे, आणि नशिबासाठी इतके पैसे मोजण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही क्वालोया बेटावर कुत्र्यांच्या गाडीवर बसायला गेलो. चित्रांमुळे माझ्या मनात निळ्या डोळ्यांची, झुबकेदार केसांची मोठी कुत्री होती. प्रत्यक्षात गाडी ओढणारी बहुतेक कुत्री अलास्कन हस्की जातीची, सडपातळ, आणि वजनाने पंचवीस किलोच्या आसपास असतात. जुंपताना ती इतकी भुंकतात, विव्हळतात आणि उड्या मारतात, की त्यांच्यावर काही जुलूम चालला आहे असे नवख्याला वाटावे. गाडी सुटली की मात्र सगळे एकदम गप्प होतात, आणि उरतो तो फक्त बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्यांचा आवाज. एक जण गाडीत बसतो, दुसरा मागे उभा राहून ती हाकतो आणि अर्ध्या वाटेवर जागा बदलतात. हाकणे म्हणजे मुख्यतः ब्रेक सांभाळणे, कारण पळण्याची घाई कुत्र्यांना असतेच. आमच्या प्रशिक्षिकेचा एकच नियम होता: गाडी कलंडली तरी हात सोडायचा नाही, कारण कुत्री तुमच्यासाठी थांबणार नाहीत. चढावर उतरून ढकलावे लागते, आणि आपण आळस केला तर पुढची कुत्री मागे वळून पाहतात. ती नजर मी शाळेतल्या मुलांकडे अनेक वर्षे टाकली आहे. ती स्वतःवर आल्यावर कशी लागते हे या वयात समजले.

त्या संध्याकाळची सहल मुलीने बदलून घेतली होती. दहा जणांची लहान गाडी, गाडी चालवणारा आणि वाटाड्या एकच माणूस, आणि निघण्यापूर्वी पासपोर्ट घेतले आहेत का ही पहिली चौकशी. त्याने सगळ्यांना अंगभर येणारे जाड पोशाख आणि बूट दिले आणि सुती कपडे घातलेल्या एका जोडप्याला आत जाऊन लोकरीचे घालायला लावले, कारण सुती कापड घामाने ओले झाले की ते थंडी अंगाला चिकटवून ठेवते. मग त्याने उपग्रहाची ढगांची चित्रे उघडली. केपीबद्दल मी विचारलेच. त्याने हसून सांगितले की तो आकडा तो शेवटी पाहतो. आधी ढग, मग वारा, मग रस्ता.

किनाऱ्यावर सर्वत्र ढग होते. आम्ही ई-8 या महामार्गाने आधी दक्षिणेला आणि मग पूर्वेला निघालो. ल्युंगेनचे डोंगर समुद्राकडून येणारी दमट हवा अडवतात, त्यामुळे त्यांच्या पलीकडचे शिबोत्नचे खोरे कोरडे राहते. सह्याद्री ओलांडून माणदेशात उतरणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. शिबोत्नलाही पातळ ढग होते, म्हणून तो थांबलाच नाही. फिनलंडची सीमा कोणी न अडवता गेली, मोबाइलमधले घड्याळ आपोआप एक तास पुढे झाले, आणि त्रोम्सोपासून सुमारे 160 किलोमीटरवर, किल्पिसयार्वीच्या गोठलेल्या सरोवराजवळ गाडी उभी राहिली. तापमान उणे 22 होते आणि डोक्यावर आकाश भरून तारे होते.

त्याने शेकोटी पेटवली आणि सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला सांगितले, कारण डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका उजळ पडद्याने ती मेहनत वाया जाते. कॅमेरेवाल्यांसाठी सूचना वेगळ्या होत्या: जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवायची, आणि कॅमेरा उबदार गाडीत आणण्यापूर्वी पिशवीत बंद करायचा, नाहीतर काचेवर दव साचते. मुलीने घरून आणलेले शेंगदाण्याचे लाडू असे दगड झाले होते, की ते शेकोटीजवळ धरून ठेवावे लागले.

तासाभराने उत्तरेकडे पूर्व-पश्चिम पसरलेला एक फिकट, राखाडी पट्टा दिसला. मी म्हणाले, "इथेही ढग आलाच." मुलगी म्हणाली, "आई, तो ढग नाही. त्याच्यातून तारे दिसतायत बघ." तिच्या कॅमेऱ्यात तोच पट्टा हिरवागार होता. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी पुरेसे काम करत नाहीत, आणि आठ सेकंद उघडा राहणारा कॅमेरा प्रकाश साठवत राहतो. छायाचित्रे पाहून जाणाऱ्यांनी एवढे आधीच जाणून घेतले, तर त्यांची पुष्कळशी निराशा टळेल.

मग तो पट्टा तळाशी उजळू लागला, त्याला चुण्या पडल्या, आणि काही मिनिटांतच त्याचे पडदे होऊन डोक्यावर आले. आता हिरवा रंग उघड्या डोळ्यांनाही स्पष्ट होता आणि खालची कड गुलाबी होऊन धावत होती. सुमारे 100 ते 150 किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे उद्दीपित, म्हणजे धडकेतून जादा ऊर्जा मिळालेले, अणू 557.7 नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश देतात. त्याला सेकंदाहूनही कमी वेळ पुरतो. तांबडा प्रकाश देण्यासाठी मात्र अणूला जवळजवळ दोन मिनिटे कोणाची धडक न बसता राहावे लागते. इतकी विरळ हवा 200 किलोमीटरच्या वरच सापडते, म्हणून तांबडा नेहमी सर्वांत वर असतो. खालची गुलाबी कड नायट्रोजनची. मे 2024 च्या मोठ्या चुंबकीय वादळात लडाखमधील हानले येथून टिपलेला प्रकाश तांबडा होता, त्याचेही कारण हेच: तेवढ्या दक्षिणेकडून क्षितिजावर पडद्याचा फक्त माथा दिसतो.

वाटाड्याने कोटाच्या आत मोबाइल धरून मला त्रोम्सोच्या चुंबकमापकाचा आलेख दाखवला. सपाट रेषा काही मिनिटांपूर्वी डोंगरकड्यावरून पडावी तशी सुमारे 500 नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) खाली आली होती. तो म्हणाला की केपी ही तीन तासांची गोष्ट, ही आत्ताची. ती रेषा पाहून मला घर आठवले. मी अलिबागची आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत 1904 मध्ये आमच्या गावी आले. लोखंड टाळून बांधलेल्या त्या वास्तूवरून मी शाळेत जाता-येता हजारदा गेले असेन आणि आत काय मोजतात हे कधी विचारले नाही.

त्याला मी सांगितले की 2 सप्टेंबर 1859 च्या सौर वादळात कुलाब्याच्या निरीक्षकांनी उपकरणावर डोळ्यांनी वाचून हाताने नोंदी केल्या होत्या आणि त्यांत ही रेषा सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरली होती. त्याने पुन्हा विचारले, "मुंबईत? विषुववृत्ताच्या इतक्या जवळ?" मी हो म्हणाले. तो आलेखाकडे क्षणभर पाहत राहिला, आणि मग शेजारच्या बाईंनी उजेडाबद्दल कुरकुर केली म्हणून त्याने मोबाइल विझवून खिशात टाकला.