संत्र्याले चाकू कायले?

"काकाजी, संत्र्याले चाकू कायले लागते?" नागपूर विमानतळावर सुरक्षा तपासणीतल्या जवानानं विचारलं (आपल्याकडचाच निघाला!) आणि बाबा चक्क निरुत्तर.

पिशवीत सहा संत्री आणि तो घडीचा चाकू. मुठीवर अंगठ्याच्या जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं.

मुंबईहून क्रूझ, म्हणून मी रात्रभर जहाजांचे नियम वाचत बसलो. काहींवर ४ इंचांच्या आतलं पातं चालतं. पण त्याआधी विमान आहे, हे डोक्यातच नाही! चेक-इनच्या बॅगेत टाकला असता तर बिनबोभाट गेला असता. ती बॅग केव्हाच पुढे गेली होती.

चाकू कात्र्यांच्या डब्यात पडला. टक्क.

विमानात बाबांनी संत्रं हातानंच सोललं. मग सवयीनं खिसा चाचपला. दोनदा.