करपलेली कड

दांडिया बाजारातला वाडा सोडून आम्ही बडोद्याच्या वायव्येला राहायला आलो, त्याला आता बारा वर्षे झाली. वाड्यात कुंड्या ठेवायला जेमतेम एक ओटा होता. इथे मात्र अंगण आहे आणि त्यात एक केसर आंबा, एक लिंबू, चार गुलाब आणि दर हिवाळ्यात हौसेने लावलेले ग्लॅडिओलसचे कंद आहेत. यंदा जानेवारीत त्या ग्लॅडिओलसची तलवारीसारखी पाने टोकाकडून करपू लागली. चष्मा लावून एक पान उन्हात धरले, तेव्हा दिसले की टोक पाव भाजल्यासारखे तांबूस झाले आहे, तोच रंग दोन्ही कडांनी बोटभर खाली उतरला आहे, आणि जिथे तो संपतो तिथे एक बारीक गडद रेघ असून तिच्या पलीकडे पान अगदी निरोगी हिरवे आहे.

थंडीत पहाटे वारा पडला की आमच्या भागात कुठूनसा आंबूस, घशाला खवखव आणणारा वास साचून राहतो, त्यामुळे गुन्हेगार ठरवायला मला फार वेळ लागला नाही. शेजारच्या काकांनीही कुंपणावरून पान पाहून ‘गॅसनुं ज काम छे’ असा निकाल दिला आणि वर पावागडाकडे हात करून, तोही मुळात ज्वालामुखीच, तेव्हा त्याचाही काही हात असेल, अशी पुस्ती जोडली. पावागडाचे थर लाव्ह्याचे आहेत हे खरे. पण ते सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे, दख्खनच्या पठाराच्या कुळातले आहेत. त्यातून जो वायू निघायचा तो केव्हाच निघून गेला. कालिकामातेच्या डोंगरावर आळ घेण्यात अर्थ नव्हता.

खऱ्याखुऱ्या ज्वालामुखीच्या सावलीत आमची भाची राहते. हवाईच्या मोठ्या बेटावर कोना भागात तिचे घर आहे, आणि किलाउएया धुमसू लागला की त्याचा धूर व्यापारी वाऱ्यांबरोबर बेटाला वळसा घालून तिच्या परसापर्यंत येतो. त्या धुरकट धुक्याला तिथले लोक ‘व्हॉग’ म्हणतात. 2008 साली त्या ज्वालामुखीच्या माथ्यावर नवे विवर उघडले, तेव्हा त्याच्या वाऱ्याखालच्या काऊ भागात प्रोटिया नावाच्या फुलांच्या बागांचे मोठे नुकसान झाले होते. मी माझ्या पानाचे छायाचित्र पाठवले, तिने तिच्या गुलाबाच्या पानाचे पाठवले आणि फोनवर म्हणाली, “मावशी, तुझं पान कडेनं जळलंय, माझं मधून.” तिच्या पानाच्या शिरा हिरव्या शाबूत होत्या आणि दोन शिरांमधली जागा हस्तिदंती पांढरी पडली होती.

या एका फरकात बरेच काही दडलेले आहे. ज्वालामुखीतून सर्वांत जास्त निघते ती पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. पानांना जाळणारे आहेत ते सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोजन फ्लोराइड. हे वायू पानात शिरतात ते पर्णरंध्रांतून, म्हणजे ज्या दारातून पान आपले अन्न आत घेते त्याच दारातून. सल्फर डायऑक्साइड आतल्या ओलाव्यात विरघळून सल्फाइट बनतो. तो सावकाश आला तर पान त्याचे सल्फेट करून खतासारखे पचवूनही टाकते; पण पचवण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने आला, तर शिरांमधल्या पेशी मरतात. फ्लोराइडची चाल वेगळी आहे. तो पाण्याच्या ओघाबरोबर टोकाकडे आणि कडेकडे वाहत जातो, पाणी उडून जाते, हा मागे राहतो आणि दिवसेंदिवस साठत जातो. म्हणूनच हवेत त्याचे प्रमाण नाममात्र असले तरी कड जळते. ग्लॅडिओलस याबाबतीत इतका नाजूक आहे की ॲल्युमिनियमच्या कारखान्यांभोवती हवा तपासण्यासाठी तो मुद्दाम लावला जात असे. जर्दाळू, पीच आणि द्राक्ष हेही त्याच नाजूक गोतावळ्यातले. पीचचे फळ तर फ्लोराइडने शिवणीपाशी अकाली पिकते आणि मऊ पडते.

मला चुटपुट लागली ती आणखी एका गोष्टीची. ज्या झाडाला वेळेवर पाणी मिळते, त्याची पर्णरंध्रे दिवसा सताड उघडी असतात आणि त्यामुळे वायूचा पहिला फटका त्यालाच बसतो. तहानलेले, दुर्लक्षित झाड दारे मिटून बसते आणि पुष्कळदा वाचते. हवाईतला ओहिया हा वृक्ष ज्वालामुखीच्या तोंडाशी टिकतो, कारण व्हॉग आला की तो पर्णरंध्रे मिटून घेतो, आणि तेवढा वेळ अर्थातच उपाशी राहतो. भाचीच्या गुलाबाला ते जमत नाही. ती बिचारी व्हॉग ओसरला की नळी घेऊन पाने धुते आणि कोवळी रोपे आच्छादनाखाली नेते. याहून अधिक काही करताही येत नाही.

या वायूंची हीच चाल मोठ्या प्रमाणावर झाली तेव्हा काय घडले, याचे उदाहरण आइसलँडचे आहे. 8 जून 1783 रोजी तिथे लाकी नावाची भेग फुटली आणि आठ महिने धगधगत राहिली. सुमारे 12 कोटी टन सल्फर डायऑक्साइड आणि 80 लाख टन फ्लोरिन बाहेर पडले. गवताच्या पात्यांत आणि पात्यांवरच्या राखेत साठलेला फ्लोराइड गुरामेंढरांच्या पोटात गेला, निम्म्याहून अधिक जनावरे मेली, आणि पाठोपाठच्या दुष्काळात देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसेही गेली. ते कोरडे धुके युरोपभर पसरले आणि ऐन उन्हाळ्यात झाडांची पाने सुकून गळाली. याउलट कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनवर ना धूर दिसला ना वास आला. 1989 मध्ये तिथे भूकंपांची मालिका झाली आणि त्यानंतर सुमारे 40 हेक्टरांवरची झाडे उभ्या उभ्या वाळली. खालून झिरपणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने मातीतली हवा व्यापली होती आणि मुळांना प्राणवायूच मिळत नव्हता.

गंधकाला नुसते खलनायक म्हणणे मात्र मला जमत नाही. आंब्याच्या मोहोरावर भुरी आली की आम्हीच गंधकाची भुकटी धुरळतो (कडक उन्हात धुरळली तर तीही पाने भाजते, हा धडा मी एका मार्चमध्ये घेतला आहे). इंग्लंडच्या धुरकट कारखानदारी गावांत गुलाबांवर काळ्या ठिपक्यांचा रोग जवळजवळ दिसत नसे. हवा स्वच्छ झाली आणि तो परत आला. आंब्याला मात्र धुराचा असा काही फायदा होत नाही: उत्तरेत वीटभट्ट्यांजवळच्या बागांत कैरीचे खालचे टोक काळे पडून कडक होते, हे बागवानांना चांगले ठाऊक आहे.

एवढा अभ्यास झाल्यावर आमचे माळीकाका आले. त्यांनी पानाकडे पाहिलेही नाही. कुंडीच्या काठावर साचलेला पांढरा थर नखाने खरवडला, जिभेला लावला आणि म्हणाले, “बेन, पाणी खारुं छे.” कूपनलिकेचे खारे पाणी दोन महिने घातले, तर क्षारही पानाच्या कडेलाच जाऊन साठतात आणि कड तशीच जळते, नुसत्या डोळ्यांनी दोहोंतला फरक सांगणे जाणकारालाही कठीण. मी ओशाळून नळाचे पाणी सुरू केले आणि फेब्रुवारीत लावलेल्या दुसऱ्या खेपेच्या कंदांवर रोज सकाळी नजर ठेवली. त्यांची पाने टोकापर्यंत हिरवी आली. मी ते शेजारच्या काकांना कुंपणावरून दाखवले, तेव्हा ते म्हणाले की होळी होऊन गेली, वारा फिरला, पहाटेचा वास तरी आता कुठे येतो?