दोन गुंठ्यांची वाडी आणि चुन्याचे पोते

मृगाचा पहिला पाऊस होऊन गेल्यावर गोंदिया जिल्ह्यातील एका गावात मी बचत गटाच्या भाजीवाड्या पाहायला गेले, तेव्हा एक काकू कळीच्या, म्हणजे न विरवलेल्या चुन्याचे ५० किलोचे पोते आपल्या २ गुंठ्यांच्या वाडीत रिकामे करण्याच्या तयारीत होत्या. आज चुना आणि युरिया, उद्या वांग्याची रोपे आणि बरबटी (चवळी), असा त्यांचा बेत होता. मागच्या हंगामात सगळेच पीक खुरटले होते. "चुना तं मातीले चांगलाच असते नं जी मॅडम?" त्यांनी विचारले.

वाडीची माती बरड, तांबूस आणि हलकी होती. सामू, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा आकडा, निघाला ५.१; तो ७ च्या जितका खाली, तितकी माती आम्ल. सामू ५.५ च्या खाली गेला की मातीतील ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके खुंटवते, स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमशी जखडले जाते आणि बरबटीच्या मुळांवर हवेतील नत्र धरणाऱ्या गाठी नीट येत नाहीत. म्हणजे चुन्याची गरज खरीच होती. याच मातीच्या बांधीत धान मात्र बरे येते, कारण पाणी साचून राहिले की आम्ल मातीचा सामू आपोआप वर सरकतो; वाडीला ती सोय नाही.

प्रश्न मात्रेचा होता. ओळीत द्यायची असेल तर चुनखडीची भुकटी हेक्टरी २ ते ४ क्विंटल पुरते, म्हणजे या वाडीला ४ ते ८ किलो. कळीचा चुना त्याहून तीव्र असल्याने जवळपास निम्माच लागतो. ते पोते ९० किलो भुकटीच्या तोडीचे होते. एवढा चुना हलक्या मातीत एकदम गेला असता, तर जस्त आणि लोह पिकाला मिळेनासे झाले असते, आणि युरियातील नत्र अमोनिया होऊन उडून गेले असते.

साडेतीन किलो कळी तोलून आम्ही लोखंडी घमेल्यात घेतली. काकूंच्या हातांना फडके बांधले, डोळ्यांवर चष्मा दिला आणि लेकरांना दूर उभे केले. पाण्याचा पहिला शिपका पडताच खडे तडकले, वाफ उसळली, आणि थोड्या वेळाने त्यांची पांढरी, मऊ भुकटी झाली. चुना विरवताना ज्याचा डोळा भाजतो, त्याला पुढे आयुष्यभर तो सांभाळावा लागू शकतो, म्हणून हा भाग मी कधीही घाईने उरकू देत नाही. निवलेली भुकटी ओळींत टाकून मातीत कालवली, तुलनेसाठी दोन ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या. चुना मातीत मुरावा म्हणून लागवड तीन आठवडे पुढे ढकलायला काकू सहजासहजी तयार झाल्या नाहीत. रोपे वाफ्यात वाढून जातील ही त्यांची भीती रास्त होती. शेवटी रोपांसाठी नव्याने बी टाकायचे ठरले.

फुलोऱ्यात दोन्हीकडची बरबटी उपटून पाहिली. चुन्याच्या ओळीतील मुळांवर टपोऱ्या गाठी होत्या, फोडल्यावर आतून गुलाबी, म्हणजे कामाला लागलेल्या. कोऱ्या ओळीत मोजक्याच, बारीक.

ते पाहून शेजारच्या काकांनी उरलेला चुना आपल्या कन्हार, म्हणजे काळ्या भारी जमिनीसाठी मागितला. मी त्या काळ्या ढेकळावर सौम्य आम्लाचा एक थेंब सोडला आणि माती फसफसून फेसाळली. तिच्यात चुनखडी आधीच होती. काकांना मी चुना टाकू दिला नाही.