बुद्ध्यंक ७१: आकडा नव्हे, पट्टा

रिपोर्टवर ७१ छापलं की लोक तो वजनकाट्यावरच्या आकड्यासारखा वाचतात. हिशेब करून बघा. प्रमाण विचलन (लोकांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) १५, चाचणीची विश्वसनीयता (गुण किती भरवशाचे ते; १ म्हणजे पूर्ण) ०.९६. १ मधून ०.९६ वजा केले, उरलेल्या ०.०४ चं वर्गमूळ ०.२, गुणिले १५: मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, ३. म्हणजे ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर दोन्हीकडे जवळपास दोन त्रुटी धरून साधारण ६५ ते ७७. विश्वसनीयता ०.९० असेल तर हीच त्रुटी पावणेपाचच्या घरात जाते. उपचाचण्यांची, म्हणजे चाचणीतल्या छोट्या भागांची, विश्वसनीयता बहुधा आणखी कमी, तरी त्यांतल्या दोन गुणांच्या फरकावरून निदान ठोकणारे आहेतच!

अमेरिकेत बौद्धिक अक्षमता असलेल्याला मृत्युदंड देता येत नाही; ती ठरवताना फ्लोरिडा राज्याने ७० ची रेघ अशीच ताठ धरली होती, गुण त्याहून वर असला की दावा बाद. ७१ गुणांच्या फ्रेडी ली हॉलच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ती ताठ रेघ फेटाळली. मानकं (ज्या लोकांच्या गुणांशी तुलना होते ते आकडे) जुनी असतील तर गुण फुगतात, ते वेगळंच.