मातीचं विरजण

घटाची माती फेकायची नसते. दसऱ्याला घट उठले, धान देवाला वाहून झालं, उरलेलं टोपीत-वेणीत खोचून झालं, की मागे राहते परडीभर काळी माती. गावाकडे ती परत वावरात जायची. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, ती ओट्याखाली एका पिशवीत कोजागिरीपर्यंत पडून असायची आणि रोज केर काढताना मध्ये यायची. सहा वर्षांपूर्वी मी ती पिशवी उचलली आणि हॉलच्या खिडकीतल्या एका मेलेल्या कुंडीत उपडी केली. तुळशीवृंदावनात जागा नव्हती, एवढंच कारण.

त्या कुंडीत तोवर तीन झाडं मेली होती. नर्सरीतून आणताना टवटवीत, महिन्याभरात मान टाकलेली. लाल माती होती. भिजवली की गारा, वाळली की वीट. मी तिला गोळी खत घालायचे, पाणी घालायचे, झाड बदलायचे. मातीकडे बघायचं मला सुचलंच नव्हतं. भाजी बेचव झाली म्हणून पातेलं बदलत राहावं, त्यातला प्रकार.

घटाची माती घातल्यावर चमत्कार वगैरे काही झाला नाही. चार दाणे राहिले होते ते उगवले, वाळले. वरून मी सोसायटीतल्या बदामाची वाळकी पानं चुरून टाकली, कारण मातीवर थेट पाणी ओतलं की खड्डा पडायचा. शिवरात्रीच्या सुमाराला पानं बाजूला केली तर खाली माती चक्क रवाळ झालेली. रवाळ म्हणजे कशी, तर लाडवाचं बेसन नीट भाजलं गेलं की होतं तशी. बोटांत घेतली तर गोळा व्हायची, दाबली तर सुटायची. आणि तिला वास येत होता, पहिल्या पावसाचा, फेब्रुवारीत, हॉलमध्ये.

त्या वासाची गंमत मला नंतर कळली. मातीत स्ट्रेप्टोमायसीस नावाचे सूक्ष्मजीव असतात, ते जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात, आणि आपलं नाक ते इतक्या कणभर प्रमाणात ओळखतं की इतर बाबतीत त्याला एवढं हुशार कुणी म्हणणार नाही. याच घराण्यातल्या एका जिवाणूपासून १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन निघालं, क्षयावरचं पहिलं खरं औषध. आमच्या एका चुलत आजोबांनी त्याची नव्वद इंजेक्शनं घेतली होती आणि मग पुढची तीस वर्षं ती घेतल्याची गोष्ट सांगितली. ते जिवाणू मातीतले, हे त्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी गावभर केलं असतं.

तर, माती जिवंत असते हे वाक्य मी शाळेत पाठ केलं होतं, पण घरात जिवंत माती असणं म्हणजे काय हे त्या कुंडीने दाखवलं. चमचाभर चांगल्या मातीत शंभर कोटींच्या घरात जिवाणू असतात म्हणे. त्यांना खाणारे त्याहून मोठे, त्यांना खाणारे आणखी मोठे, बुरशीचे धागे, आणि सगळ्यांच्या तळाशी गांडूळ. झाडाला लागतं ते अन्न या खाण्या-पिण्याच्या गडबडीत सुटं होतं. आपण झाडाला खत घालतो म्हणजे त्याला ताट वाढून देतो. इथे नुसतं स्वयंपाकघर चालू ठेवायचं.

आईला यातलं काहीच पटलं नाही. मी भाजीवाल्याकडचं जुनं प्लॅस्टिकचं क्रेट आणलं, आतून पोतं लावलं, आणि त्यात पोयटा, कोकोपीट, गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड असं कालवायला हॉलमध्ये चादर अंथरून बसले, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

“जन्मभर मी घरातली माती बाहेर लोटली,” ती म्हणाली. “आता तू पैसे देऊन आत आण.”

“आई, तुमच्या घराला तर जमीनच मातीची होती.”

“ती सारवलेली.”

“आणि डोक्यावर माळवद. पावसाळ्यात त्यावर गवत उगवायचं म्हणून तूच सांगतेस.”

“ते उपटायला मलाच चढवायचे,” आई म्हणाली आणि चादरीचा कोपरा नीट करून गेली.

मला तिचं म्हणणं कळतं. ज्यांनी दर आठवड्याला शेणाने जमीन सारवली, त्यांना फरशी म्हणजे सुटका. मातीचं कौतुक फरशीवर बसूनच सुचतं. शिवाय आपल्या भाषेनेही मातीला फार चांगलं वागवलेलं नाही. कामाची माती होते, मूर्खपणा केला की माती खाल्ली जाते, अन्नाचं मातेरं होतं, भाव पडला की माल मातीमोल, आणि शेवटी कुणाच्या तरी मातीला जायचं असतं. घरातली बाई मातीवर चिडलेली असणार यात नवल नाही.

पण तिच्याच जगातला एक शब्द मला सगळ्यात उपयोगी पडला. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत, म्हणजे मातीत ओतायचं आंबवलेलं पाणी, करायचं मी ठरवलं. एका एकराला २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचं शेण, तेवढ्याच लिटरचं गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती, असं ते प्रमाण. मी विसाने भागलं: १० लिटरची बादली, अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर शंभर ग्रॅम गूळ आणि बेसन. मातीचं काय करायचं कळेना. मुठीचा विसावा भाग म्हणजे चिमूट. एवढ्या रगाड्यात चिमूटभर माती काय करणार, म्हणून मी ती वगळायच्याच बेतात होते. आई ओट्यापाशी दूध विरजत होती. पातेलंभर कोमट दूध, त्यात चमच्याच्या टोकावर घेतलेलं कालचं दही. मी बघत राहिले. शेण, गूळ, पीठ हे सगळं दूध होतं. माती हे विरजण.

मग त्या दृष्टीने सगळंच सरळ झालं. बांधावरचीच माती का? कारण तिथे कुणी नांगरत नाही, फवारत नाही, ती विस्कटलेली नसते. जुनं, मुरलेलं विरजण. पिशवीत मिळणारी माती बऱ्याचदा पावडर दुधासारखी असते, आहे दूधच, पण तिच्यात जीव सोडावा लागतो. आणि माझ्या कुंडीत काय झालं होतं? घटाच्या मातीने विरजण लावलं होतं, मला न विचारता.

जीवामृत दोन दिवस ड्राय बाल्कनीत गोणपाटाखाली मुरलं. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. पहिल्या दिवशी गुळाचा वास, दुसऱ्या दिवशी गोठ्याचा. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. आई म्हणाली, “घरात गोमूत्र शिंपडतात गं, मुरत घालत नाहीत.” तेव्हापासून ते काम मी बहिणीच्या बंगल्यावर करते आणि बाटलीत भरून आणते. रिक्षात बूच नीट लागलेलं असावं, एवढाच सल्ला देईन.

चुका पुष्कळ झाल्या. एकदा उत्साहाच्या भरात वाळकी पानं वर न पसरता मातीत खोल कालवली. दोन आठवड्यांत पुदिना पिवळा पडला. खत तर भरपूर, मग पिवळा का? वाळक्या पानांत कार्बन भरपूर आणि नत्र नावापुरतं. ती कुजवायला जिवाणू मातीतला सगळा नत्र ओढून घेतात. पंगतीला पाहुणे जास्त आले की घरचे उपाशी राहतात, तसं पुदिन्याचं झालं. महिन्या-दीड महिन्याने पाहुणे पांगले आणि तो आपसूक हिरवा झाला. मी काहीही केलं नाही, हे मला फार जड गेलं.

आणि चिलटं. घरात ओलसर, सेंद्रिय माती ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबात ही येतात. बारीक, काळी, मूर्ख. उडून जायचं सोडून चहात पडतात. नणदेच्या सासरची माणसं बसलेली असताना एकाच्या कपात दोन तरंगली. त्यांची पिल्लं वरच्या इंचभर ओल्या मातीत वाढतात, म्हणजे दोष त्यांचा नव्हता, माझ्या रोजच्या पाण्याचा होता. वरचा थर वाळेपर्यंत पाणी थांबवलं, पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून कुंडीत खोचलं, निंबोळी पेंड भुरभुरली. कमी झाली. संपली नाहीत.

गांडुळं मात्र कुणाच्या चहात आली नाहीत, तरी त्यांच्याबद्दलच सगळ्यांना किळस. मला अशा वेळी चार्ल्स डार्विनचा आधार वाटतो. म्हातारपणी या माणसाने गांडुळं कुंड्यांत भरून घरात ठेवली होती. त्यांना ऐकू येतं का हे बघायला त्यांच्यावर ओरडून झालं, शिट्टी वाजवून झाली, मुलाने त्यांच्यासमोर बॅसून नावाचं फुंकवाद्य वाजवलं. गांडुळं ढिम्म. मग कुंड्या पियानोवर ठेवल्या आणि सूर दाबला, तर लगेच बिळात पसार. आवाज नाही, पण हादरा कळतो. १८८१ साली त्यांनी गांडुळांवरचं पुस्तक काढलं, पुढच्या वर्षी गेले. ज्यांच्या हॉलमध्ये हे सगळं चाललं होतं त्या घरातल्या बायकांचं काय म्हणणं होतं, हे कुणीतरी लिहायला हवं होतं.

घरात उगवायचं तर मातीपेक्षा उजेड कमी पडतो, हे उशिरा लक्षात आलं. डोळे आपल्याला फसवतात. लख्ख वाटणारा हॉल झाडाच्या लेखी जवळजवळ काळोख असतो. फोनवरच्या मापकाने बघितलं (उजेड लक्समध्ये मोजतात): दुपारी बाहेर उन्हात लाखाच्या आसपास लक्स, खिडकीच्या आत काही हजार, आणि सोफ्यापाशी दोनशे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. शेतकऱ्यांना त्यांनी पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब करायला शिकवलं. माझ्या हिशेबात टोमॅटो बसत नव्हता. कचऱ्यातून आपोआप आलेलं रोप ग्रिल धरून सहा फूट वाढलं आणि एक फूल न देता गेलं. घटाचं धान पिवळंधमक का येतं, तेही तेव्हाच कळलं. देवघराच्या कोपऱ्यात ऊन नसतं, म्हणून ते उंच, फिकट, लवलवतं वाढतं. शतकानुशतकं आपण घरोघरी अंधारात धान उगवतोय आणि त्या पिवळ्या रंगालाच शुभ म्हणतोय. मला हे फार आवडतं.

जे सावलीला तयार आहे ते लावलं. अळू, पानओवा, आलं. आणि अक्षय्य तृतीयेला हळदीचे चार कंद. हळदीने घर जिंकलं. श्रावणात पानं हातभर झाली आणि शेजारच्या मालवणच्या काकू बेल वाजवून आत आल्या, थेट क्रेटपाशी गेल्या, पान बोटात धरून म्हणाल्या, “पातोळ्यांना देशील ना?” आमच्याकडे हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या होत नाहीत. त्या वर्षी झाल्या, म्हणजे ताट भरून आल्या.

त्या पातोळ्या नागपंचमीच्या. त्या सकाळी सुट्टी होती, म्हणून मी खुरपं घेऊन क्रेट जरा उकरून सारखं करायला बसले. आईने हातातलं खुरपं काढून घेतलं. “आज खणायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मातीत जीव असतात.” मी म्हटलं, क्रेटमध्ये नाग कुठला? “नाग नाही तर नाही. ते तुझे कोण ते असतील ना.”

असतातच. माती उकरली की बुरशीचे धागे तुटतात, गांडुळांची बिळं मोडतात, वरचे खाली जातात आणि गुदमरतात. आता मी कधीच उकरत नाही. मेथी उपटत नाही, कात्रीने मातीलगत कापते. मुळं आत कुजतात आणि त्यांच्या जागी हवेच्या नळ्या राहतात. दर वर्षी माती चार बोटं खाली बसते, म्हणजे तितकी खाऊन झालेली असते. तेवढं खत वर घालायचं, पानं पांघरायची. सहा वर्षांत क्रेट एकदाही रिकामं केलेलं नाही. झाडं किती आली-गेली मोजत नाही.

गेल्या नवरात्रात मी मंडईतून घटाची माती आणायला पिशवी घेतली, तर आई म्हणाली, “विकत कशाला? आहे की.” तिने स्वतः क्रेटच्या कडेची माती वाटीने काढली, चाळली नाही, परडीत पसरली, धान पेरलं, मधोमध घट बसवला. पाचव्या माळेला पाणी शिंपताना ज्वारीच्या कोंबांमधून एक गांडूळ वर आलं आणि घटाच्या गळ्याशी जाऊन रेंगाळलं. मी चमचा आणायला उठले.

“राहू दे,” आई म्हणाली. “देव बसलेत. आता दसऱ्यापर्यंत कुणाला उठवायचं नाही.”