माती म्हणतीय ओली, झाड म्हणतंय तहान: वरच्या तुकड्याचा अपडेट

राम राम मंडळी. दीड महिना गप्प होतो कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, पण आधी रडून घेतो. मागच्या सोमवारी वरच्या तुकड्यात सातव्या ओळीला तडकलेली डाळिंबं मोजली, ३१ निघाली. एकाच ओळीत. गड्ड्याच्या (सोलापूरच्या जानेवारीतल्या जत्रेच्या) आठवड्यात पहिलं पाणी दिलेला आंबे बहार, फळ आता कुठं पेरूएवढं होऊन रंगाकडं निघालेलं, आणि हे.

झालं असं की बाहेर ४२ डिग्री आणि सेन्सरवरून मातीची ओल बघून ठिबकचा व्हॉल्व्ह चालवणारा माझा टेलिग्राम बॉट दोन दिवस रोज सकाळी सांगतोय, "वरचा तुकडा: ओल पुरेशी, पाणी स्किप." मी पण खूश, म्हणलं बघा कसं पाणी वाचतंय. तिसऱ्या दिवशी आबांनी झाडाखाली खुरप्यानं वीतभर उकरलं तर खाली नुसता भुगा. मी घाबरून व्हॉल्व्ह मॅन्युअलवर टाकला आणि सलग चार तास पाणी सोडलं. ती दुसरी चूक. साल उन्हानं कडक झालेली, आतले दाणे पाणी पिऊन फुगले, साल ताणणार कुठं, फाटली. भगव्या जातीच्या डाळिंबाला पाणी कमी चालेल, जास्त चालेल, पण आज उपास उद्या जेवण असं चालत नाही हे मला पाठ आहे. दुसऱ्याला सांगतो पण मी हे.

सेटअप जुन्यांना माहितीच आहे. नवीन कुणी असेल तर, दोन एकर, १५ बाय १० फुटांवर झाडं, झाडाला चार ड्रिपर. वरचा तुकडा मुरमाड, खालचा काळसर, सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) फक्त वरच्याला. मातीत खुपसायचा कपॅसिटिव्ह सेन्सर, ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर), सोलर आणि १८६५०ची लिथियम बॅटरी, आणि शेडमधला जुना फोन हॉटस्पॉट म्हणून, तिथून आकडे गूगल शीटवर. फोनची बॅटरी एप्रिलमध्ये पत्र्याखाली फुगली होती ते सांगितलंच होतं. आता दुसरा फोन सावलीत पालथ्या माठाखाली ठेवलाय, काठाखाली दोन विटा टाकून, आणि पाच आठवड्यांत एकदाही गरम होऊन बंद पडला नाही. शंभर रुपयाचा माठ, त्यावर कूलिंग फॅन विकणाऱ्यांनी विचार करावा.

आता मुख्य दुखणं. सेन्सरचा कच्चा आकडा जास्त म्हणजे कोरडं, कमी म्हणजे ओलं. माझी रेषा १८५०, त्याच्या खाली असेल तर स्किप. एरवी सकाळी १९००च्या आसपास असणारा आकडा मधेच धाडकन १७०० खाली जायचा, पाणी नेहमीएवढंच दिलेलं असताना, आणि मग दोन-तीन दिवस रेषेच्या वर यायलाच तयार नाही. एका आठवड्यात असं व्हायचं, पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, परत तिसऱ्या आठवड्यात हजर.

पहिला संशय ईएसपी३२च्या ज्या पिनला सेन्सर जोडलाय तिच्यावर. पण २६ नंबरवरून ३४ वर आपण फेब्रुवारीतच गेलोय, वायफाय चालू असताना एडीसी२च्या (आकडे वाचणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना वाचता येत नाहीत हा धडा झालेला आहे. दुसरा संशय सेन्सरच्या कडांवर, कारण त्या पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्याच असतात आणि तिथून पाणी आत मुरतं. बायकोचं नेलपेंट दोन हात मारलं, वर एम-सीलचा थर. काही फरक नाही, फक्त मरून रंगाचा सेन्सर मिळाला आणि घरात एक बाटली देणं लागतो. तिसरा संशय सेन्सरवरच्या टायमर चिपवर. ऑनलाइन मागवलेल्या पाचातल्या तिनांवर टीएलसी५५५ ऐवजी साधी एनई५५५ निघाली, जी ३.३ व्होल्टवर धड चालतच नाही, तिला साडेचार तरी लागतात. विक्रेत्यानं फोटो दाखवला एक आणि पाठवलं भलतंच. घेताना भिंगातून चिपचा नंबर वाचूनच घ्या, त्यासाठी मी आता सोलापूरच्या नवी पेठेत जाऊन हातात धरून घेतो, वीस रुपये जास्त गेले तरी चालतील. पण वरच्या तुकड्यात चांगली चिपच होती, म्हणजे तेही नाही.

मग लाईट. आमच्याकडं थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आकड्याचा गोंधळ बरोबर दिवसाच्या आठवड्यात! मी म्हणलं सापडलं, मोटर दिवसा चालते, स्टार्टरचा करंट केबलीत घुसतोय. चार दिवस केबल हलव, शील्डिंग कर, कपॅसिटर लाव, फेराइट लाव. सगळं सोलर-बॅटरीवर चालतंय आणि मोटर दोनशे फूट लांब आहे हे डोक्यात येईना. माणूस एकदा कारणाच्या प्रेमात पडला की असंच होतं.

उत्तर स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. दुधाचा हिशेब करताना बायको कॅलेंडर वाचत होती, "मंगळवारी दोन लिटर, खत, शुक्रवारी दीड, खत." म्हणलं थांब, हे खत काय? तर म्हणाली, "अहो, व्हेंच्युरी मीच सोडते की, तुम्हाला कुठं वेळ असतो त्या डब्यांतनं." व्हेंच्युरी म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारी नळी. आणि रात्रीच्या लाईटला खत सोडायला कोण जाणार, म्हणून डोस फक्त दिवसाच्या आठवड्यात. तारखा शीटला लावून बघितल्या, एकूण एक जुळल्या.

तरी खात्री म्हणून रविवारी तीन डब्यांत प्रत्येकी तीन किलो वाळवून चाळलेली तीच माती, प्रत्येकात अर्धा लिटर पाणी, सेन्सर एकच. आरओच्या जारचं पाणी: १९३५. आमच्या बोअरचं: १८९०. बोअरच्या पाण्यात एक ग्रॅम ०:०:५० (पोटॅशचं खत): १७७०. ओल तेवढीच आणि आकड्यात दीडशेच्या वर फरक. ही स्वस्त पट्टी चालते दीड मेगाहर्ट्झच्या आसपास, तेवढ्या कमी फ्रिक्वेन्सीला पाण्यात विरघळलेला क्षार पण तिला ओलच वाटतो. महागडे सेन्सर ७० मेगाहर्ट्झला चालतात ते उगाच नाही, पण त्या एकाच्या पैशात माझी अर्धी ठिबक बदलून होते.

आणि बोअरचा आकडा बघून पोटात गोळा आला तो वेगळाच. मी कॅलिब्रेशन केलं मार्चमध्ये. तेव्हापासून रोज मचूळ पाणी चाललंय, पाऊस नाही, म्हणजे क्षार साचत साचत माती कागदावर हळूहळू "ओली" होत आलीय आणि १८५०ची रेषा माझ्या नकळत सरकलीय. वळीव एकदा चांगला झोडपून गेला की सगळं धुऊन आकडे उलट्या दिशेला पळणार. थोडक्यात, एक आकडा धरून व्हॉल्व्ह चालवायचा हा धंदा बंद.

नवीन पद्धत सहा दिवस चाललीय आणि, नजर लागू नये, बरी आहे. आकडा किती आहे ते बघायचंच नाही, काल सकाळी ६ ते आज सकाळी ६ किती चढला एवढंच बघायचं. पहाटे मातीचं तापमान जवळपास सारखं असतं, त्यामुळं दुपारच्या उन्हाची भानगड पण आपोआप जाते. ग्राफवर झक्क पायऱ्या दिसतात, दिवसा झाड पितं तेव्हा चढ, रात्री सपाट. परवा पहिल्यांदा ती पायरी स्वच्छ दिसली तेव्हा फोन घेऊन आबांना दाखवायला शेडपर्यंत पळत गेलो. ते म्हणाले, "झाड दिवसा पाणी पितंय हे कळायला एवढं लागलं?"

खताच्या दिवशी फरकाला अर्थ नाही, म्हणून बॉटला "खत" बटण दिलंय. बायकोनं दाबलं की दोन दिवस गणित बंद, ठरलेले दोन तास पाणी. शिवाय काही झालं तरी सलग दोन स्किप होणार नाहीत असं कोडमध्येच घातलंय, हे पहिल्या दिवशीच घालायला हवं होतं.

हे टाईप करता करता एक सुचलं. एका बादलीत तीच माती, बिनझाडाची, एक ड्रिपर तिच्यात. तेच पाणी, तेच खत, मग दोन्ही सेन्सरमधला फरक म्हणजे निव्वळ झाड प्यायलं ते. भारी ना? नाही, थांबा, बादलीतलं कुणी पितच नाही, खालून भोक पाडलं तरी ती कायम चिखलच राहणार आणि क्षार वेगळाच साचणार. रद्द. त्यापेक्षा दुसरा सेन्सर त्याच झाडाखाली फूटभर खोल बरा, खत तिथं उशिरा आणि कमी पोचतं. मुरूम फोडायला पहार लागेल, या रविवारी तेच.

टेन्सिओमीटरचं (माती पाणी किती घट्ट धरून ठेवते ते मोजणारी नळी) कुणी सुचवणारच, तर खालच्या काळसर तुकड्यात गेल्या वर्षी लावला होता, जमीन भेगाळली की कपाला मातीच चिकटत नाही आणि काटा शून्यावर. मुरमात बघितलेला नाही. जिप्सम ब्लॉक (ओल मोजायचे जिप्समचे ठोकळे) कुणी लावले असतील तर मचूळ पाण्यात किती दिवस टिकले ते सांगा. आणि साधा खिशातला ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा) कुणाकडं पडून असेल तर मी घेतो, चालू असला म्हणजे झालं, नवीन घ्यायला या महिन्यात घरातून मंजुरी नाही, आधी नेलपेंट आणायचंय.