म्हशीचं दूध, कोको आणि रवी : हॉट चॉकलेटच्या वहीतून

वरचा तवंग गेला! मागच्या थंडीच्या शेवटी वहीत तक्रारी लिहून ठेवल्या होत्या: वर तुपाचे पिवळे डोळे, मध्ये दुधाळ पाणी, तळाशी कोकोचा गाळ. त्यांतली पहिली आणि शेवटची आता पूर्ण मिटली आहे. मधलीही बरीच आवाक्यात आली आहे, तिच्याबद्दल पुढे सांगतेच.

आधी मला काय हवंय ते सांगते, म्हणजे प्रमाणं कशासाठी बदलली ते कळेल. चमच्यानं खायचं पुडिंग मला नको आहे. ते पिता आलं पाहिजे, पण कप रिकामा झाला की आतून त्याचा पातळ, चकचकीत थर राहिला पाहिजे. पहिला घोट आणि शेवटचा घोट एकाच चवीचा लागला पाहिजे. थोडक्यात, सगळं नीट मिळून आलेलं हवं. दाटपणा कॉर्नफ्लोअर घालून दोन मिनिटांत आणता येतो. मिळून येणं तसं येत नाही, आणि वर्षभर माझा सगळा जीव त्यातच अडकला आहे.

सुरुवात दुधापासून, कारण सांगली-मिरजेकडच्या आपल्या लोकांचा प्रश्न तिथेच सुरू होतो. बाहेरच्या देशांतल्या बहुतेक कृती गाईच्या दुधावर बेतलेल्या असतात, साधारण साडेतीन टक्के फॅटच्या. म्हणून त्यात वरून क्रीम घाला असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे रतीब म्हशीच्या दुधाचा. डेअरीत म्हशीच्या दुधाचा दर ठरवतात तोच मुळी ६.० टक्के फॅट आणि ९.० टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५. आमचे गवळीदादा उरलेलं दूध संकलन केंद्रावर घालतात, त्यामुळे पावतीवर काय लागलं ते त्यांना विचारता येतं. थंडीत त्यांचा फॅट सातच्या वर असतो. अशा दुधात क्रीम घालायची गरज तर नाहीच, उलट हाताशी आहे तोच फॅट जास्त होतो. कोकोची जी थोडी आंबूस, फळासारखी बाजू असते ती जड फॅटखाली दबून जाते आणि जिभेवर नुसता स्निग्धपणा राहतो.

शिवाय गवळ्याचं दूध होमोजिनाइज केलेलं, म्हणजे यंत्रानं फॅटचे कण बारीक केलेलं, नसतं. त्यातले फॅटचे कण मोठे असतात आणि संधी मिळाली की वर येतात. त्यात चॉकलेटमधलं कोको बटर मिसळलं की तवंग ठरलेलाच. होमोजिनाइज्ड पिशवीच्या दुधात हा त्रास खूप कमी होतो, हे दोन्ही कप शेजारी ठेवून पाहिलं की लगेच दिसतं. पण म्हशीच्या ताज्या दुधाची जी गोडी आहे ती सोडायची माझी तयारी नव्हती.

यावरचा मार्ग सासूबाईंनी दाखवला. मी पातेल्याशी उभी राहून फॅटचा हिशेब करत होते, तर त्या म्हणाल्या, "अगं, एवढं सायीसकट कशाला घेतीस? कालचं सायीखालचं दूध घे की. साय विरजणाला लागतीयच." मला जे हवं होतं ते नेमकं हेच. रात्री दूध तापवून, गार करून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि सकाळी जाड साय अलगद उचलून घ्यायची. फॅटचा मोठा वाटा सायीबरोबर जातो. प्रथिनं आणि दुधातली साखर बहुतांशी खालीच राहतात, आणि अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, देणारी खरी गोष्ट तीच आहे. म्हशीच्या दुधात केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, गाईपेक्षा जास्त असतं. फॅट आणि पाणी एकमेकांत धरून ठेवायचं काम हेच केसीन करतं.

मग ते सायीखालचं दूध आटवायचं. जाड बुडाचं पातेलं आधी पाण्यानं विसळून घ्यायचं, पुसायचं नाही, म्हणजे दूध बुडाशी लागत नाही. मध्यम आच, आणि उलथन्यानं तळ सतत खरवडत राहायचं. ४०० मिलीचं ३२० झालं की थांबायचं. एवढ्यानं एसएनएफ नऊवरून सव्वाअकराच्या आसपास येतो आणि जिभेला फरक ठळक कळतो. याच्या पुढे जाऊ नका असं मी आग्रहानं सांगेन. दूध निम्म्यावर आलं की त्याला खव्याची, भाजक्या दुधाची चव येते. नरसोबाच्या वाडीच्या बासुंदीत ती चव म्हणजे सर्वस्व आहे, पण इथे ती कोकोवर मात करते. कपात चॉकलेट घातलेली बासुंदी उरते. वाईट लागत नाही, पण ती वेगळी वस्तू झाली.

आटवायला वेळ नसेल तर दोन चहाचे चमचे स्किम्ड मिल्क पावडर कोकोच्या पेस्टमध्येच घालायची. प्रथिनं वाढतात, फॅट जवळजवळ नाही. चव थोडी सपाट होते, पण कामावरून आल्यावर संध्याकाळी एवढं पुरतं.

आता कोको. १८२८ साली नेदरलंड्समध्ये व्हान हौटेन यांनी कोकोच्या लगद्यातून दाबानं फॅट वेगळं काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि आपण आज डब्यातून घेतो ती पावडर तिथून आली. त्याच घराण्याच्या नावावर कोकोचा आंबटपणा कमी करणारी अल्कलीची प्रक्रियाही आहे, म्हणून तशा कोकोला डच कोको म्हणतात. नैसर्गिक कोको फिकट, आंबट, तिखट वासाचा असतो. अल्कलाइज्ड गडद, सौम्य आणि पाण्यात लवकर मिसळणारा. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसलं तरी घटकांच्या यादीत ५०० किंवा ५०१ हे क्रमांक दिसले तर ते सोडियम किंवा पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे अल्कलाइज्ड. बाजारातल्या बऱ्याच पावडरींत फॅट १०-१२ टक्के असतो, काहींत २०-२४. आणि 'ड्रिंकिंग चॉकलेट' लिहिलेल्या डब्यांवर घटकांत साखर पहिल्या नंबरावर असेल तर तो डबा या कामाचा नाही. मुलांच्या दुधात घालायला ठीक.

मी सध्या अल्कलाइज्ड कोको अंगासाठी आणि रंगासाठी वापरते आणि फळाची बाजू चॉकलेटकडून घेते. नुसत्या नैसर्गिक कोकोवरही प्रयोग केले. आंबटपणा छान उठतो, पण म्हशीच्या दुधाच्या गोडीशी त्याची थोडी ओढाताण होते. गाईच्या दुधात तो जास्त शोभेल असं वाटतं.

तळाचा गाळ कसा गेला? कोकोच्या कणांभोवती फॅट असतो, त्यामुळे पावडर दुधावर तरंगते आणि गुठळ्या धरते. आधी कोको आणि साखर कोरडेच एकत्र चोळून घ्यायचे. साखरेचे कण मध्ये आले की कोको सुटा होतो. मग त्यात तीन-चार चमचे कडक गरम दूध घालून चमच्याच्या पाठीनं घोटत राहायचं, पेस्ट चकाकायला लागेपर्यंत. ही पेस्ट पातेल्यात घातली की एक मंद उकळी येऊ द्यायची आणि मिनिटभर तशीच ठेवायची. हा मिनिट गाळू नये. कोकोत स्वतःचा स्टार्च असतो, तो उष्णतेनं फुगतो आणि दूध अंग धरतं. वरून कॉर्नफ्लोअर न घालता जेवढा दाटपणा मिळतो त्यातला मोठा भाग या एका मिनिटाचा आहे. गरम दुधात पावडर ढवळून लगेच गॅस बंद केला तर हेच प्रमाण पातळ लागतं आणि कोको कच्चा, खडूसारखा जिभेवर राहतो.

चॉकलेट घेताना मागची बाजू वाचायची, एवढं सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते: घटकांत कोको बटर हवं. त्याच्या जागी वनस्पती तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट असेल तर ते कंपाउंड. केकवाल्यांच्या दुकानात स्लॅबमध्ये बहुधा तेच मिळतं, साचे भरायला ते सोपंही असतं. पण कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे तोंडाच्या उष्णतेच्या जरा खाली, आणि त्यामुळे घोट गिळल्यावर जीभ स्वच्छ होते. कंपाउंडचा फॅट टाळ्याला मेणासारखा चिकटून राहतो. अमूलची ५५ टक्क्यांची डार्क माझ्या रोजच्या कामाची आहे, साखरेचा हिशेबही तिच्यावरच बसवला आहे. केरळ आणि आंध्रातल्या नारळी-पोफळीच्या बागांत पिकलेल्या कोकोची ७० टक्क्यांची चॉकलेटंही आता मिळतात. ती वापरताना साखर एक चमचा वाढवा.

चॉकलेट आचेवर घालायचं नाही. बारीक चिरून वेगळ्या वाडग्यात ठेवायचं. गॅस बंद केलेलं कोकोचं दूध ८० अंशांवर आलं की त्यातलं तिसऱ्या हिश्श्याएवढंच चॉकलेटवर ओतायचं, मिनिटभर हात लावायचा नाही, मग मधोमध छोटी वर्तुळं करत ढवळायचं. सुरुवातीला ते फाटल्यासारखं, रवाळ दिसतं. घाबरून सगळं दूध ओतू नका. मधून बाहेर ढवळत गेलं की अचानक चमक येते आणि ते ताणल्यासारखं एकसंध होतं. ही स्थिती आली की तवंग येत नाही. कोको बटर बारीक थेंबांत फुटलेलं असतं, दुधातलं केसीन आणि चॉकलेटमधलं लेसिथिन (घटकांत ३२२) त्याला धरून ठेवतं. मग उरलेलं दूध थोडं थोडं घालायचं. सगळं चॉकलेट थेट पातेल्यात टाकून उकळलं की ही पकड सुटते आणि वर पिवळे डोळे येतात. माझ्या मते सगळ्या कृतीत सर्वात महत्त्वाची पायरी हीच.

शेवटी रवी. बॅटरीवर चालणारं फेस काढायचं यंत्र माझ्याकडे आहे. त्याचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा होतो आणि पटकन बसतो. लाकडी रवी दोन तळव्यांमध्ये मिनिटभर फिरवली की बारीक, टिकणारा फेस येतो आणि राहिलेलं मिसळणंही होऊन जातं. मेक्सिकोत याच कामाला मोलिनीयो नावाची लाकडी घुसळणी वापरतात, तळव्यांत धरून अशीच फिरवायची. त्याआधी माया आणि ॲझ्टेक लोक उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून फेस काढायचे. फेस हा या पेयाचा इतका जुना भाग आहे, म्हणून मला तो सोडवत नाही. रवी मात्र चॉकलेटसाठी वेगळी ठेवा, ताकाच्या रवीचा आंबूस वास लाकडात मुरलेला असतो. घुसळताना दूध ६० ते ६५ अंशांवर असावं. प्यायलाही तेवढंच बरं, त्याहून गरम असेल तर चव कळतच नाही.

दोन कपांसाठी सध्याचं प्रमाण: सायीखालचं दूध ४०० मिली, आटवून ३२०, कोको १२ ग्रॅम, साखर १५, चॉकलेट ५०, मीठ दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं. मीठ गाळू नका, त्यानं कडवटपणा गोलसर होतो.

कॉर्नफ्लोअरबद्दल माझं मत थोडं मऊ झालं आहे. स्पेनमध्ये आणि इटलीत स्टार्च घालून दाट केलेलं चॉकलेट ही मोठी, मानाची परंपरा आहे. कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मसाला दुधाच्या शेजारी मुलांसाठी मोठं पातेलंभर हॉट चॉकलेट केलं होतं. त्यात लिटरला एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून, कोकोबरोबरच उकळलं. दोन तास मंद आचेवर राहूनही ते फुटलं नाही. गर्दीसाठी मी यापुढे घालणारच. दोन कपांसाठी नाही.

मसाल्यांत जायफळ जमतं, अगदी दोन घासण्या. वेलची सगळ्यावर बसते. हळदीच्या गावात राहते म्हणून हळदही घालून पाहिली. तिचा मातकटपणा कोकोच्या कडवटपणाशी जुळत नाही.

गुळाचं काम अजून चालू आहे आणि त्यात मला फार रस आहे. मार्केट यार्डातून गडद, न पांढरा केलेला गूळ आणला. त्याची काकवीसारखी चव कोकोशी इतकी जवळची आहे की साखर त्यापुढे मुकी वाटते. अडचण सगळ्यांना ठाऊक असलेलीच: गुळाचं आम्ल आणि क्षार उकळत्या दुधाला नासवतात, गुळाच्या चहाला होतं तेच. सध्या गूळ बारीक किसून चॉकलेटच्या वाडग्यातच ठेवते, म्हणजे तो आचेला लागतच नाही आणि ८० अंशांच्या दुधात विरघळतो. बहुतेक वेळा नीट जमतं. कधी कधी दूध अगदी बारीक रवाळ होतं, डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळतं. पुढच्या खेपेला दूध ७० पर्यंत उतरवून बघणार आहे. गुळातच थोडा खारटपणा असतो, त्यामुळे मीठ वगळते.

राहिली मधली तक्रार, म्हणजे अंग. आटवलेल्या दुधाच्या कपात ती मिटली. पावडरवाल्या घाईच्या कपात शेवटचे दोन घोट अजून पातळ लागतात. तिथे २२ टक्के फॅटचा कोको घालून बघायचा आहे, मिल्क पावडर तेवढीच ठेवून. चैत्रात गवळीदादांच्या म्हशी आटायला लागतात आणि रतिबाला गाईचं दूध येतं, तेव्हा साय न काढता हीच प्रमाणं त्या दुधावर लावणार आहे, निम्मा कोको नैसर्गिक घेऊन.